दुव्याचे मोल

चळवळीत मोठा कोण, याची चर्चा आपण पुष्कळ करतो. कोणत्या दोन माणसांमधला दुवा मोलाचा, याची मात्र करीत नाही. माझ्या मते हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि तो मी स्वतःच्या चुकीतून शिकलो.

वीसेक वर्षांपूर्वी नाशिकमध्ये आमची दोन अभ्यासमंडळे होती. एक नाशिकरोडला, दुसरे गोदावरीपलीकडे पंचवटीत. आपापल्या मंडळातले लोक रोज भेटत. दोन मंडळांना जोडणारी गोष्ट एकच : माझी आणि पंचवटीच्या एका शिक्षकमित्राची मैत्री. वसतिगृहाचे अर्ज, पुस्तके, निरोप, सारे याच वाटेने जाई. याचा मला अभिमान वाटे, हे कबूल केले पाहिजे. पुढे मी टायफॉईडने तीन आठवडे अंथरुणाला खिळलो. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख नाशिकरोडला ठाऊक होती. पंचवटीला ती कळली नाही. तिथल्या दोन मुलींचे त्या वर्षाचे पैसे बुडाले. मला कोणी बोलले नाही, पण दोष आमच्या रचनेचा होता आणि ती रचना मी खुशीने चालू ठेवली होती.

दुव्याचे मोल मोजता येते. कागदावर सहा टिंबे काढा. डावीकडे अ, ब, क. उजवीकडे प, फ, भ. डावीकडचे तिघे एकमेकांना रेघांनी जोडा, उजवीकडचेही तसेच. मग क आणि प यांच्यामध्ये एक रेघ ओढा. आता सहा जणांच्या पंधरा जोड्या होतात. प्रत्येक जोडीतला निरोप जवळच्या वाटेने गेला, तर कोणत्या रेघेवरून किती निरोप जातील ते मोजा. अ-ब या रेघेवरून फक्त १ जातो, अ-क वरून ४, आणि क-प वरून ९. डावीकडच्या कोणालाही उजवीकडे जायचे, तर दुसरी वाटच नाही. लिंटन फ्रीमन यांनी १९७७ मध्ये अशा मोजणीने जाळ्यातल्या माणसाचे स्थान ठरवले; मिशेल गिर्वन आणि मार्क न्यूमन यांनी २००२ मध्ये तीच रीत दुव्यांना लावून दाखवली.

आता अ आणि फ यांच्यामध्ये आणखी एक रेघ ओढा. दोन वाटा सारख्याच लांबीच्या असतील तिथे निरोप अर्धा-अर्धा धरा. क-प वरचे ओझे ९ वरून साडेचारवर येते, उरलेले साडेचार अ-फ उचलते. त्याहून मोठी गोष्ट ही, की दोहोंपैकी कोणतीही एक रेघ तुटली तरी जाळे दुभंगत नाही.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. रोजच्या भेटीचा दुवा घट्ट असतो, म्हणून तोच सर्वांत उपयोगी असे आपण धरून चालतो. अमेरिकेत मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी ओळखीतून नोकरी मिळालेल्या काही लोकांना विचारले, ती बातमी देणारा तुम्हाला किती वेळा भेटत असे? वारंवार भेटणारा, असे सांगणारे शेकडा १७ च्या आसपास निघाले. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून कळली होती. हा लेख १९७३ चा. कारण उघड आहे. घरच्या माणसाला जे ठाऊक, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी बाहेरून येते.

आणि जातिव्यवस्था नेमकी हीच बाहेरची वाट बंद करते. जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे, असे बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या आपल्या निबंधात मांडले. जाळ्याच्या भाषेत याचा अर्थ असा : आतले दुवे दाट, बाहेरचे निषिद्ध. ज्यांच्याकडे कचेरी, शाळा, बँक यांची माणसे आधीच सोयरीकीत आहेत, त्यांचे एका दुव्यावाचून अडत नाही. वस्तीचे अडते. म्हणून आपल्याकडे एकेका दुव्यावर एवढे ओझे पडते.

आपल्या नाशिकचाच इतिहास पाहा. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि पुढे काही वर्षे चालला. बाबासाहेब मुंबईत, मध्यंतरी गोलमेज परिषदेसाठी लंडनला. नाशिकची धुरा दादासाहेब गायकवाडांकडे. दोघांमधला धागा पत्रांचा. सत्याग्रह थांबवावा, हे बाबासाहेबांनी ३ मार्च १९३४ च्या पत्रात दादासाहेबांनाच कळवले. नेता आणि खेडी यांच्यामधले केवढे ओझे त्या एका दुव्याने पेलले असेल! पण तो एकटा नव्हता. १९३० च्या नोव्हेंबरात 'जनता' पत्र निघाले. परिषदा भरत होत्या. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, ती जमलेल्या लोकांनी स्वतःच्या कानांनी ऐकली. मधे कोणी निरोप्या नव्हता. पत्र, वृत्तपत्र, परिषद अशा अनेक वाटा असणे, हेच संघटनेचे बळ.

एकाच पुलावर सारे चालले की पुलावर बसलेला माणूस जकात मागू लागतो. आपल्यातल्या किती फुटींचे मूळ इथे आहे, हे वाचकांनी आपापल्या गावात तपासावे. तो माणूस वाईटच असतो असे नाही. मीही वाईट नव्हतो. पण माझ्याशिवाय चालत नाही, याचे मला सुख होते.

आज हातोहाती मोबाईल आहे. तरी वस्तीच्या गटात वस्तीचेच लोक असतील, तर बातमी बाहेरून आणणारा पुन्हा एकटाच उरतो. म्हणून कार्यकर्त्यांनी एक साधे काम करावे. आपल्या मंडळाची टिंबे आणि रेघा कागदावर काढाव्यात आणि एकेक रेघ बोटाने झाकून पाहावी. जी झाकताच कागदाचे दोन तुकडे होतात, तिच्या शेजारी दुसरी रेघ ओढावी. म्हणजे दोन माणसांची प्रत्यक्ष गाठ घालून द्यावी. आमच्या मंडळात हे काम त्या दोन मुलींपैकी एकीने केले. त्यानंतर निरोपासाठी कोणी माझी वाट पाहिली नाही.