टीव्ही घ्यायचा, पण केव्हा?

सोयाबीनची रास घरात आली की घरोघर एक विषय निघतो. जुन्या टीव्हीचा आवाज येतो, चित्र येत नाही. पोरे शेजारी जाऊन बसतात. तेव्हा या दिवाळीला नवा घेऊनच टाकू. जरूर घ्यावा. दिवसभर वेचणीला वाकलेल्या बाईला संध्याकाळी घटकाभर करमणूक मिळाली, तर त्याला उधळपट्टी म्हणणारा मी नव्हे. प्रश्न एवढाच, की घ्यावा केव्हा?

मृगाच्या तोंडावर बैल घ्यायला निघालेल्याला बाजारात काय भाव पडतो, हे तुम्हाला सांगायला नको. सगळ्यांना एकदम लागतो म्हणून बैल महागतो. टीव्हीचे उलटे आहे. सगळे घेतात त्याच दिवसांत, म्हणजे दसरा-दिवाळी, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आसपास, कंपन्या सूट देतात. म्हणून दिवाळीची जाहिरात खोटी नसते. पण तो टीव्ही ज्या सोयाबीनच्या पैशातून येणार, ते त्याच पंधरवड्यात मोंढ्यात गर्दी करते आणि पडत्या भावाने जाते.

हिशेब मांडून पाहू. समजा, १५,००० चा टीव्ही दिवाळीत १२,९०० ला मिळतो. सूट झाली २,१०० रुपये. त्यासाठी मळणीबरोबर ओलसर सोयाबीन ४,३०० च्या भावाने ३ क्विंटल घातले. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव होता ५,३२८ रुपये. त्या भावाने याच ३ क्विंटलचे १५,९८४ झाले असते. म्हणजे २,१०० वाचवायला ३,०८४ गमावले. माल वाळवून, हमीभावाने घालून जानेवारीत पूर्ण किमतीचा टीव्ही आणला असता, तरी ९८४ रुपये हातात उरले असते.

आता कोणी म्हणेल, साहेब, हमीभाव कागदावर असतो. खरे आहे. नोंदणी करावी लागते, नंबर लागावा लागतो, ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो आणि पैसे जमा व्हायला वेळ जातो. नुसते थांबले की भाव चढतोच, असेही नाही. २०२४ मध्ये राज्यातल्या कितीतरी बाजारांत सोयाबीन तेव्हाच्या ४,८९२ च्या हमीभावाखालीच विकले गेले. परंतु वाळवण आणि नोंदणी या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत, आणि दिवाळीची घाई नेमकी त्यांच्याच आड येते. मजुरी, रब्बीचे बियाणे यांसाठी पैसा अडला असेल, तर तुमच्या बाजार समितीत शेतमाल तारण योजना चालू आहे का, ते विचारा. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. ती मात्र शेतीच्या अडीनडीसाठी. तारणावर टीव्ही आणू नये.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरील टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कराआधी २०,००० किंमत असलेला मोठा टीव्ही २५,६०० वरून २३,६०० वर आला. शहरात लोकांनी पेढे वाटावेत अशी ही बातमी होती. पण त्याच दिवसांत मराठवाड्यात अतिवृष्टीने शेते पाण्याखाली होती, आपल्या परभणी जिल्ह्यातलीही. टीव्ही स्वस्त झाला आणि घ्यायला पैसा नाही, अशी गत झाली. दुकानाच्या पंचांगाप्रमाणे आपले घर चालत नाही, ते असे. आणखी एक ध्यानात ठेवा. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्के कर आहे. तेव्हा लहान टीव्हीवर ‘जीएसटी कपात’ म्हणून कोणी सूट सांगितली, तर ती कराची नव्हे, हे ओळखा.

माझ्या मते आपल्याकडच्या घराला जानेवारी ते मार्च हा काळ बरा. सोयाबीन मार्गी लागलेले असते, कापसाच्या एक-दोन वेचण्यांचा पैसा आलेला असतो, तूर घरात येत असते. २६ जानेवारीची सूट असते, आणि पुढे उन्हाळ्याच्या सुमारास नवी मॉडेले येणार म्हणून मागच्या सालचा माल दुकानदाराला काढायचा असतो. त्यात चित्राचा फरक तुम्हा-आम्हाला दिसत नाही. मात्र मार्चअखेर पीककर्ज भरायचे, ती रक्कम आधी बाजूला काढा. मुदत चुकली की व्याजाची सवलत जाते, आणि ती टीव्हीच्या सुटीपेक्षा मोठी असू शकते.

हप्त्यावर घेणाऱ्यांना दोन शब्द. ‘बिनव्याजी हप्ता’ ऐकला की आधी रोखीची किंमत विचारा. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. व्याज कुठल्या तरी खिशातून जातेच. आणि हप्ता दर महिन्याला येतो, आपल्या घरात पैसा दर महिन्याला येत नाही. जूनमध्ये खताच्या पोत्याला पैसे कमी पडतात, ते असल्याच हप्त्यांमुळे.

घेताना पक्के बिल घ्या, हमीपत्रावर शिक्का आणि तारीख आहे का पाहा. दुरुस्तीला माणूस परभणीहून तुमच्या गावी येतो की खोके घेऊन आपणच जायचे, हे पैसे मोजण्याआधी विचारा. ऑनलाइन दोनशे-तीनशे स्वस्त मिळते, पण पालम किंवा सोनपेठकडच्या वाडीवर पोचवणार कोण? दहा बाय बाराच्या खोलीला ३२ इंच पुरतो. महिन्याचा खर्च नको असेल, तर डीडी फ्री डिश बसवा, त्याला मासिक भाडे नाही. विजेचा दाब कमीजास्त होत असेल तर स्टॅबिलायझरचे पैसे किमतीतच धरा. आणि वळवाच्या पावसात ढग गडगडू लागले की बटण बंद करून भागत नाही, प्लग आणि डिशची तार दोन्ही काढून ठेवा.