पाय का उडतो?

आजोबांना तपासणीला नेलं की डॉक्टर त्यांना पाय लोंबते ठेवून बसवतात आणि गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडीने हलकेच ठोकतात. पाय आपोआप उडतो. सोबतच्या नातवंडांना हसू येतं, पण डॉक्टर ती उडी बारकाईने पाहत असतात.

वाटीखाली जी घट्ट कंडरा लागते, तिच्यावर ठोकलं की मांडीचा पुढचा स्नायू क्षणभर ताणला जातो. या स्नायूत चातीच्या आकाराचे बारीक संवेदक असतात. ते ताण टिपतात आणि संदेश कमरेच्या भागातल्या मेरुरज्जूकडे धाडतात. तिथे तो मधल्या कुणाला न विचारता थेट स्नायू हलवणाऱ्या चेतापेशीला मिळतो. स्नायू आखडतो, पाय उडतो. त्याच वेळी मांडीमागच्या स्नायूंना 'सैल पडा' असा निरोप जातो, नाहीतर दोघांची ओढाताण व्हायची. हे सगळं सेकंदाच्या साधारण विसाव्या भागात होतं. मेंदूला बातमी मागाहून कळते.

1875 मध्ये जर्मनीत एर्ब आणि वेस्टफाल या दोन डॉक्टरांनी या क्रियेचं वर्णन स्वतंत्रपणे केलं. प्रतिक्षिप्त क्रियांचा पुढे सखोल अभ्यास करणाऱ्या चार्ल्स शेरिंग्टन यांना 1932 चं नोबेल विभागून मिळालं.

पाय उडाला नाही तर लगेच घाबरू नका. डॉक्टर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगतात; मग बहुतेक वेळा उडतो. दोन्ही पायांत फरक दिसला, तर मात्र ते पुढे तपासतात. पक्षाघातानंतर मेंदूचा लगाम सुटतो आणि पाय जास्तच जोरात उडू लागतो.

मधुमेहात उलटं घडतं. सर्वांत लांब चेतातंतू आधी बिघडतात, म्हणून घोट्यामागे ठोकलं तरी पाऊल हलेनासं होतं. वयोमानानेही असं होऊ शकतं, त्यामुळे एकट्या हातोडीवरून निदान होत नाही. पण अशा पावलांची संवेदनाही कमी झाली असेल, तर खडा रुतला तरी कळत नाही आणि जखम चिघळते.

घरात कुणाला साखरेचा त्रास असेल तर रोज रात्री त्यांचे तळवे नीट पाहा. आजोबांना वाकता येत नाही, तुम्हाला येतं.