रात्रीचा फोन आणि संध्याकाळचा भोंगा

स्मार्टफोन आणि समाजमाध्यमे यांचा तरुणांच्या मनःस्वास्थ्यावर काय परिणाम होतो, या प्रश्नाची चर्चा बहुधा ‘किती तास’ या एकाच मापाने होते. परंतु तास मोजून फारसे काही हाती लागत नाही, कारण चार तास फोनवर घालवणारा एखादा विद्यार्थी त्यावर इतिहासाची व्याख्याने ऐकत असतो, तर दुसरा अर्ध्या तासातच स्वतःविषयी खट्टू होऊन उठतो. छत्रपती संभाजीनगरात हा फरक ठळकपणे दिसतो. 1958 साली स्थापन झालेले मराठवाडा विद्यापीठ आणि शहरभर पसरलेल्या अभ्यासिका व शिकवणी वर्ग यांमुळे बीड, जालना, परभणी, हिंगोलीकडची मुले-मुली येथे येतात, कॉट बेसिसवर राहतात आणि मेसचा डबा खाऊन स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. त्यांच्या लेखी फोन ही चैन नव्हे. घरची खुशाली, मेसचे पैसे, नोट्सच्या पीडीएफ, भरतीची जाहिरात, परीक्षेचे प्रवेशपत्र हे सारे त्याच एका यंत्रातून येत असल्याने ‘तो फोन जरा बाजूला ठेव’ हा घरून मिळणारा सल्ला पाळायचा ठरवला, तरी पाळता येण्याजोगा नसतो.

याच फोनवर निकालाच्या दिवशी गुलालात न्हालेल्या उमेदवारांची छायाचित्रे एकामागून एक येऊ लागतात. यादीत नाव नसलेला मुलगा अभिनंदनाचे संदेश पाठवतो, मित्राचा फोटो स्टेटसला ठेवतो आणि रात्री दिवा मालवल्यावर तीच छायाचित्रे पुन्हा पाहत पडतो. आपण कोठे उभे आहोत हे ठरवण्यासाठी माणूस इतरांकडे पाहतो, या प्रवृत्तीला मानसशास्त्रात ‘सामाजिक तुलना’ म्हणतात. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1954 साली ही संकल्पना मांडली. गावात ही तुलना आळीतल्या चार-दोन मुलांशी होत असे आणि त्यांचे नापास होणेही सर्वांना ठाऊक असे. फोनमध्ये मात्र अपयशाचा फोटो कोणी टाकत नाही, त्यामुळे तुलना होते ती केवळ इतरांच्या गुलालाशी.

या जोडीला यंत्राची स्वतःची रचना असते. बोट वर सरकवताच पुढचा मजकूर येत राहील आणि पान कधी संपणारच नाही, अशी सोय एझा रास्किन या संगणक आरेखकाने 2006 साली तयार केली आणि पुढे तिच्याबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला. फेसबुकवर ‘लाइक’चे बटण 2009 मध्ये आले. दहा रील कंटाळवाण्या निघून अकरावी मनाजोगती लागते, तेव्हा मनाची अवस्था गळ टाकून बसलेल्या माणसासारखी होते. मासा दर वेळी लागत नाही म्हणूनच गळ टाकणारा उठत नाही. बक्षीस केव्हा मिळेल हे अनिश्चित असले की सवय अधिक चिवट होते, असे वर्तनशास्त्र सांगते. भारतात 2016च्या सप्टेंबरात जिओ आल्यानंतर डेटा स्वस्त झाला, आणि 2020च्या जूनअखेरीस टिकटॉकवर बंदी आल्यानंतर काही दिवसांतच इन्स्टाग्रामने येथे रील सुरू केल्या, तेव्हा शाळा-महाविद्यालये टाळेबंदीमुळे बंदच होती. या साऱ्यात पहिला बळी जातो तो झोपेचा. किशोरवयात झोपेची वेळ शरीरधर्मानुसारच उशिरा सरकलेली असते, त्यात पडद्याच्या उजेडाने झोप आणणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाचे स्रवणे मंदावते, आणि अपुऱ्या झोपेची चिडचिड, विसराळूपणा व उदासी दुसऱ्या दिवशी ‘अभ्यासात लक्ष लागत नाही’ या तक्रारीचे रूप घेते.

तथापि सर्व दोष फोनच्या माथी मारण्यापूर्वी पुराव्याची प्रत पाहणे आवश्यक आहे. ऑक्सफर्डमधील एमी ऑर्बन आणि अँड्रू प्रझिबिल्स्की यांनी 2019 साली साडेतीन लाखांहून अधिक किशोरांची माहिती तपासली, तेव्हा त्यांच्या मनःस्वास्थ्यातील फरकांपैकी डिजिटल साधनांशी निगडित वाटा फार तर 0.4 टक्के निघाला. त्याच माहितीत बटाटे खाण्याशी दिसलेला संबंधही जवळपास तेवढाच होता. शिवाय दोन गोष्टी सोबत आढळणे, म्हणजे सहसंबंध, हा कार्यकारणभाव नव्हे. खिन्न मूलच फोनकडे अधिक वळत असेल, अशीही शक्यता उरते. याउलट 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने, 2004 पासून फेसबुक अमेरिकेतील महाविद्यालयांत टप्प्याटप्प्याने पोहोचले या योगायोगाचा उपयोग करून, ते जेथे आधी पोहोचले तेथे विद्यार्थ्यांचे मनःस्वास्थ्य ढासळल्याचे दाखवले आणि त्याचे एक प्रमुख कारण म्हणून प्रतिकूल तुलनेकडेच बोट दाखवले. सरासरीत नगण्य दिसणारा परिणाम एखाद्या मुलाच्या बाबतीत मोठा असू शकतो, हे लक्षात घेतले तर हे दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी ठरत नाहीत.

‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या 2024च्या पाहणीत ग्रामीण भारतातील 14 ते 16 वयोगटातील 82.2 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी आदल्या आठवड्यात 57 टक्क्यांनी तो शिक्षणासाठी, तर 76 टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी वापरला होता. सारा वर्ग समाजमाध्यमांच्या ज्या चावडीवर जमतो तेथून एकट्याने उठून जाणे म्हणजे वाळीत पडणे होय, आणि खरी अडचण येथेच आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022च्या ऑगस्टमध्ये काढलेला तोडगा म्हणून महत्त्वाचा ठरतो. तेथे संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो, घरोघरचे मोबाइल आणि दूरचित्रवाणी संच बंद होतात, आणि साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुले अभ्यासाला बसतात. ही कल्पना पुरुषांनी प्रथम हसण्यावारी नेली. महिलांनी मात्र ती उचलून धरली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदी करून दंडाचीही तरतूद केली. दोहोंपैकी वडगावची रीत अधिक शहाणपणाची म्हटली पाहिजे, कारण तिने केवळ मुलांना वेठीस धरले नाही. आईची मालिका आणि वडिलांचे व्हॉट्सअॅपही त्याच वेळी थांबले. शहरातील वसतिगृहांना आणि गृहसंकुलांना भोंगा बसवणे अवघड असले, तरी रात्री ठरावीक वेळेनंतर सर्वांचे फोन खोलीबाहेर एका जागी चार्जिंगला लावण्याचा ठराव करणे अवघड नाही.

झोप आणि जेवण सुटणे, मित्रांना टाळणे, जगण्यात अर्थ नसल्याचे बोलणे ही लक्षणे दोन आठवडे टिकली, तर मात्र तेथे फोन काढून घेणे हा उपचार नव्हे. अशा वेळी छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभाग गाठावा, किंवा केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर बोलावे. ही सेवा विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि तेथे मराठीतून बोलता येते.