उभ्या झाडाचे मोल

ग्वाल्हेर, भिंड व मुरैना या भागांत शेतांच्या बांधांवर बाभूळ, कडुनिंब आणि शिसू (इकडील लोकांचा शीशम) ही झाडे पुष्कळ आढळतात. घरात लग्नकार्य निघाले की एखादे झाड विकावयाचे ठरते. वखारवाला येतो, बुंध्याभोवती एक फेरी मारतो आणि उक्ती रक्कम सांगतो. ती त्याने कशी काढली हे विकणारास ठाऊक नसते. म्हणून तो हिशेब आम्ही येथे उलगडून दाखवीत आहोत.

प्रथम लाकूड किती, ते पाहावे. उभ्या झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, मोजण्याचा वनखात्याचा प्रघात आहे. परंतु खोड वर निमुळते होत जाते, यास्तव ओंडक्याच्या मापासाठी मध्यावरचा घेर धरतात. व्यापारातील जुनी रीत अशी की, घेराच्या चौथ्या हिश्शाचा वर्ग करून त्यास लांबीने गुणावे. घेर १.२० मीटर व लांबी ३ मीटर असल्यास ०.३० × ०.३० × ३ = ०.२७ घनमीटर. आपण भूमितीत शिकलेल्या वृत्तचितीच्या सूत्राने मात्र उत्तर सुमारे ०.३४४ येते! शेकडा साडेएकवीस लाकूड या रीतीत मोजलेच जात नाही. हॉपस नामक इंग्रजाची याच रीतीची कोष्टके १७३६ साली छापली गेली होती. ही रीत लबाडीची नव्हे. गोल ओंडका चौकोनी करताना कडा वाया जातात, त्याची ती ठोक वजावट आहे. पण अशा मापाने लाकूड मोजून, 'कडा वाया जातात' म्हणून दरही पाडला, तर एकच घट दोनदा कापली जाते. विकणाऱ्याने येथेच जागरूक असावे.

करवतीने होणारी घट मात्र निराळी. २५ मिलिमीटरच्या फळ्या ६ मिलिमीटर जाड पात्याच्या गोल करवतीने काढल्या, तर जवळजवळ पाचवा हिस्सा भुसा होतो. ३ मिलिमीटरच्या पट्टाकरवतीने नववा.

आता किंमत. ती फळीपासून मागे मागे येत काढावयाची असते. समजा, फळ्या १०० रुपयांस विकल्या जातील. तोडणी व ओढणीचे ८, गाडीभाड्याचे १०, चिराईचे १५, वखारवाल्याचा नफा व जोखीम १५ वजा जाता उरलेले ५२ हे उभ्या ओंडक्याचे मोल. (आकडे केवळ उदाहरणादाखल.) फांद्यांचे जळण वेगळे धरावे. सरकारी काष्ठागारातील लिलावाचा भाव ऐकून तोच आपल्या झाडास मागणे चूक, कारण तेथील लाकूड तोडून, वाहून आणलेले असते.

जोखीम हा शब्द पोकळ नाही. झाड मात्र आतून पोकळ असू शकते. बुंध्यावर कुऱ्हाडीचा तुंबा ठोकून बद्द आवाज येतो का, हे जाणकार पाहतात. शिशवात किंमत तपकिरी गाभ्याची. बाहेरचे पांढुरके लाकूड कीड लवकर धरते. अंगणातील कडुनिंबास तर झोक्याची कडी, तारेचे खिळे ठोकलेले असतात व साल त्यांवर चढते. असा एक खिळा करवतीचे दात मोडतो, म्हणून दाराशी वाढलेल्या झाडास बांधावरच्या झाडाहून कमी भाव येतो.

सौद्यापूर्वी त्या जातीच्या तोडीस व वाहतुकीस परवाना लागतो काय, हे तहसील कचेरीत आणि वनविभागात विचारून घ्यावे. मध्यप्रदेशातील आरा यंत्रांसही १९८४ च्या काष्ठ चिरान अधिनियमान्वये परवाना लागतो. घेणाऱ्याजवळ तो आहे ना, हे विचारण्यास संकोच नसावा.