सुतारपक्ष्याचे डोके : उशी की हातोडा?

आमराईत किंवा नारळाच्या बागेत दिसणारा सोनेरी पाठीचा सुतार आपल्या ओळखीचा आहे. (जमिनीत चोच खुपसत फिरणाऱ्या हुदहुदलाही काही ठिकाणी सुतार म्हणतात, तो पक्षी वेगळा.) त्याचे शरीर कामाला साजेसे असते. पायाची दोन बोटे पुढे व दोन मागे असल्याने उभ्या खोडावर पकड घट्ट बसते. शेपटीची ताठ पिसे खोडाला टेकून तिसऱ्या पायासारखा आधार देतात. लांब, चिकट जिभेला आधार देणारी हाडे कवटीला मागून वळसा घालून कपाळापर्यंत येतात. नाकपुड्यांवरच्या बारीक पिसांमुळे भुसा आत जात नाही.

आता वर्गात हमखास विचारला जाणारा प्रश्न : एवढे घाव घालूनही त्याच्या मेंदूला इजा कशी होत नाही? अनेक पुस्तकांत उत्तर असते, की कवटीतील सच्छिद्र हाड उशीसारखे धक्का शोषून घेते. हे उत्तर जरा तपासून पाहू या. लाकडाच्या फळीत एक खिळा साध्या हातोडीने ठोका, दुसरा हातोडीला कापडाची जाड घडी बांधून ठोका. घाव तेवढेच, पण दुसरा खिळा कमी आत जातो. मग डोक्यातच उशी असती, तर सुताराची मेहनत वाया गेली नसती का?

बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठाचे सॅम व्हॅन वासेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 साली याचे उत्तर प्रसिद्ध केले. त्यांनी तीन जातींच्या सुतारपक्ष्यांचे अतिवेगवान चित्रीकरण केले आणि घावाच्या क्षणी चोच व कवटी यांचा वेग कसा कमी होतो हे मोजले. मध्ये उशी असती, तर कवटी चोचीपेक्षा सावकाश थांबली असती. प्रत्यक्षात दोन्ही एकदमच थांबतात. डोके ताठ हातोड्यासारखेच वागते.

मग मेंदू वाचतो कसा? त्याच्या लहान आकारामुळे. खचाखच भरलेल्या एस.टी.ला अचानक ब्रेक लागला, की मागच्यांचा रेटा पुढच्यावर येतो. उभ्या असलेल्यांची रांग जितकी लांब, तितका रेटा जास्त. मेंदूतही असेच घडते. माणसाचा मेंदू सुमारे 1,300 ते 1,400 ग्रॅम वजनाचा, सुतारपक्ष्याचा अवघ्या काही ग्रॅमचा. त्यामुळे धक्का तितकाच असला, तरी त्याच्या मेंदूत निर्माण होणारा दाब फार कमी असतो. आपल्या मेंदूला जो धक्का घातक ठरेल, तो त्याला सहज सोसतो.

हा धडा शिकवताना आधी खिळ्याचा प्रयोग करावा आणि उशीच्या कल्पनेतील अडचण विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावी. पुस्तकातले पटणारे उत्तरही मोजून पाहायचे असते, हे त्यातून त्यांच्या लक्षात येईल.