शिक्का खरा, पण नोंद कुठे?

कर्जत-खालापुरात जमिनीचा व्यवहार निघाला की आधी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पुढे येतो. २०१८ पासून मिळणारा हा उतारा १५ रुपये भरून कुणालाही काढता येतो आणि त्यावर १६ अंकी पडताळणी क्रमांक असतो. तरी घेणाऱ्याची नजर खिळते ती स्वाक्षरीच्या चौकटीवर. ती तर छपाईच्या दुकानातही हुबेहूब उठवता येते. क्रमांक महाभूमीच्या संकेतस्थळावर टाकून तिथला उतारा हातातल्याशी ताडला, तरच काही कळतं. संगणकांच्या जाळ्याची राखणही याच वाटेने करावी लागते. तिथे तर अनेकदा शिक्का नकली नसतोच.

खोपोलीच्या एखाद्या कारखान्यात शे-दीडशे विंडोज संगणक एका डोमेनवर असतील, तर सकाळी लॉगिन करणाऱ्याला डोमेन कंट्रोलर, म्हणजे ओळख तपासणारा मुख्य सर्व्हर, साधारण १० तासांचं तिकीट देतो. ते ‘केआरबीटीजीटी’ नावाच्या खात्याच्या गुप्त किल्लीने बंद केलेलं असतं. ही किल्ली चोरणारा हव्या त्या नावाचं तिकीट घरबसल्या बनवतो आणि कंट्रोलर त्याच किल्लीने ते उघडून निमूट मान्य करतो. ओटीपी लावला की झालं, असं अनेकांना वाटतं. पण ओटीपी विचारला जातो तिकीट देण्याआधी, आणि हा भामटा तिकीट मागायला आलेलाच नसतो. त्याचा माग कंट्रोलरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्येच लागतो. तिकीट दिल्याची नोंद क्रमांक ४७६८, ते दाखवून एखाद्या सर्व्हरची परवानगी मागितल्याची ४७६९. दुसरी आहे आणि पहिली कुठेच नाही, म्हणजे पाणी मुरतंय.

यावर आक्षेप असा की एखाद्या कंट्रोलरचे लॉग गोळा झाले नाहीत, तर प्रामाणिक कारकूनही चोर ठरेल. खरंच ठरेल. म्हणूनच सगळे लॉग एकत्र, आणि डोमेनच्या ॲडमिनलाही पुसता येणार नाहीत अशा वेगळ्या यंत्रावर हवेत. छोट्या कार्यालयांना हा खर्च जड वाटतो. पण मंजुरी मूळ नोंदीशी न ताडण्याची किंमत त्याहून जड असते. पुण्याच्या कॉसमॉस बँकेत ऑगस्ट २०१८ मध्ये चोरट्यांच्या बनावट स्विचने, म्हणजे एटीएमची विचारणा बँकेकडे नेणाऱ्या यंत्रणेच्या नकलेने, एटीएमला परस्पर ‘मंजूर’ असं कळवलं. विचारणा बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोचलीच नाही. ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले, त्यातले बहुतेक परदेशांतल्या एटीएममधून.

कार्यालयातली तिकिटांची किल्ली गेल्याचा संशय आला, तर ती जिथून गेली ते भोक आधी बुजवावं आणि मग ती ज्यापासून बनते तो ‘केआरबीटीजीटी’ खात्याचा पासवर्ड दोनदा बदलावा. एकदा बदलून भागत नाही, कारण विंडोज मागचा पासवर्डही चालवून घेतं. दोन बदलांत १० तासांहून जास्त अंतर ठेवलं तर खरी तिकिटं आपोआप संपतात, काम अडत नाही. घुसखोर आतच वावरत असेल तर मात्र थांबू नये; अर्धा दिवस सगळ्यांना पुन्हा लॉगिन करावं लागलं तरी चालेल.