जतन केलेल्या अभिजात अमेरिकन मोटारीची विक्री : अस्सलपणा, पुरावा आणि कायदा

सारांश : जुनी वस्तू केवळ जुनी असल्यामुळे मौल्यवान ठरत नाही. ती मूळ स्वरूपात टिकून आहे आणि तिचा इतिहास सिद्ध करता येतो, या दोन गोष्टींमुळे तिला मूल्य प्राप्त होते. अमेरिकेतील 'मसल कार' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोटारींच्या विक्रीव्यवहाराचे उदाहरण घेऊन प्रस्तुत लेखात या विधानाचे विवेचन केले आहे. महाराष्ट्रातील अमेरिकन मोटारींची पार्श्वभूमी, २०२१ चे व्हिंटेज वाहनविषयक नियम आणि मुंबई उच्च न्यायालयाचा २०२५ मधील निर्णय यांच्या आधारे भारतीय विक्रेत्यासमोरील प्रश्नांचीही चर्चा केली आहे.

बीजशब्द : मसल कार, अस्सलपणा, माहितीची विषमता, व्हिंटेज नोंदणी, वैयक्तिक वापराची वस्तू.

१. प्रस्तावना

वर्धा जिल्ह्यातील पवनार हे गाव मोटारींसाठी नव्हे, तर पायी चालण्यासाठी प्रसिद्ध आहे. सप्टेंबर १९५१ मध्ये आचार्य विनोबा भावे याच गावातून दिल्लीकडे पायी निघाले. अशा गावी बसून अमेरिकन मोटारीच्या विक्रीविषयी लिहिणे काहीसे विसंगत वाटेल. परंतु या विषयाचे सूत्र पवनारच्या मातीतच सापडते. १९३८ मध्ये विनोबा धाम नदीकाठी राहावयास आल्यानंतर आश्रमाची जमीन खणताना प्राचीन शिल्पे मिळाली. त्यांपैकी भरत-राम भेटीचे शिल्प सर्वपरिचित आहे. डॉ. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजेच पवनार असे प्रतिपादन केले. त्या चर्चेत या शिल्पांना स्थान मिळाले, कारण ती कोठे मिळाली हे ठाऊक होते. हेच शिल्प एखाद्या दुकानात ठावठिकाण्याविना, नवा रंग देऊन ठेवलेले आढळले असते, तर दगड तोच राहिला असता. त्याची साक्ष मात्र नष्ट झाली असती.

मोटारीच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो. कायद्याच्या दृष्टीने पुरावस्तूसाठी सामान्यतः शंभर वर्षांची मर्यादा आहे, तर मोटारीला पन्नास वर्षांनंतर वेगळा दर्जा मिळू शकतो. अनेक कुटुंबांत आजोबांची मोटार गोठ्यात किंवा पडवीत उभी असते आणि वारसांना तिचे मोल ठाऊक नसते. मग एक तर ती वजनावर भंगारात जाते, किंवा विक्रीपूर्वी तिला 'नवी' करण्याच्या हौसेपायी तिचे खरे मूल्य घालविले जाते. हे दोन्ही प्रकारचे नुकसान टाळता येण्यासारखे आहे.

२. 'मसल कार' ही संकल्पना

मध्यम आकाराच्या, तुलनेने स्वस्त मोटारीत मोठ्या मोटारीचे शक्तिशाली आठ सिलिंडरचे इंजिन बसविणे, ही या प्रकारामागील मूळ कल्पना होय. १९६४ ची पोंटियाक जीटीओ ही सामान्यतः या वर्गातील पहिली प्रातिनिधिक मोटार मानली जाते. तिच्यात ३८९ घनइंच, म्हणजे सुमारे ६.४ लिटर क्षमतेचे इंजिन होते आणि त्याची शक्ती ३२५ अश्वशक्तीपासून पुढे होती. पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० मोटारी विकल्या गेल्या. १७ एप्रिल १९६४ रोजी फोर्ड मस्टँग बाजारात आली. ती आकाराने लहान असल्यामुळे तिचा वर्ग काटेकोरपणे वेगळा मानला जातो. तथापि तिच्या शक्तिशाली आवृत्त्यांची गणना याच परंपरेत होते. पुढे डॉज चार्जर, प्लिमथ बॅराकुडा इत्यादी मोटारींनी ही परंपरा समृद्ध केली.

हा कालखंड अल्पजीवी ठरला. तरुण चालकांसाठी वाढलेले विम्याचे हप्ते, १९७० चा अमेरिकेतील स्वच्छ हवा कायदा आणि १९७३ चे तेलसंकट यांमुळे हे युग ओसरले. जेमतेम दहा वर्षांचे उत्पादन, त्यातही शर्यती व अपघात यांत खर्ची पडलेल्या असंख्य मोटारी, यांमुळे मूळ स्थितीत उरलेल्या मोटारी थोड्या आहेत.

३. महाराष्ट्रातील अमेरिकन मोटारी

अमेरिकन मोटार महाराष्ट्राला परकी नव्हती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज, डिसोटो व प्लिमथ मोटारींची जुळणी होऊ लागली. १९५३ च्या जकात आयोगाच्या शिफारशींनंतर, देशात प्रत्यक्ष निर्मितीचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना येथे स्थान उरले नाही. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये काम बंद केले.

परिणामी, अमेरिकेत मसल कारचा उदय झाला तेव्हा भारताची दारे परदेशी मोटारींना जवळजवळ बंद होती. जी थोडी वाहने आली ती वकिलातींमार्फत किंवा परदेशातून परतणाऱ्या व्यक्तींबरोबर आली. वकिलातींतील वापरलेल्या मोटारींची विक्री स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत होत असे. म्हणून आपल्याकडे जुन्या शेव्हर्ले, डॉज, प्लिमथ अधिक आढळतात आणि १९६४ ते १९७२ या काळातील मस्टँग वा चार्जर क्वचितच. विक्रीची तत्त्वे मात्र दोहोंसाठी सारखीच आहेत.

४. विक्री नेमकी कशाची होते?

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये आपल्या प्रसिद्ध निबंधासाठी वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण निवडले होते. मोटारीचे दोष विक्रेत्याला ठाऊक असतात, ग्राहकाला नसतात. त्यामुळे ग्राहक सरासरी किंमतच देऊ करतो. चांगल्या मोटारीचा मालक त्या किंमतीस विकत नाही. आणि हळूहळू बाजारात सदोष मालच उरतो. माहितीच्या विषमतेवरील संशोधनासाठी २००१ मध्ये त्यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. उत्तम जतन केलेल्या मोटारीच्या मालकाची अडचण नेमकी हीच असते. आपली मोटार अस्सल आहे हे तो जाणतो. प्रश्न ते पटवून देण्याचा असतो.

पोंटियाक जीटीओचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. १९६४ व १९६५ मध्ये जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल नव्हते. ग्राहकाने जादा पैसे देऊन घेतलेला तो एक साधनसंच होता. त्यामुळे त्या दोन वर्षांच्या मोटारीच्या ओळख क्रमांकावरून ती जीटीओ आहे की साधी, हे कळत नाही. साध्या मोटारीवर जीटीओची चिन्हे व इंजिन चढविणे अशक्य नाही. येथे कारखान्यातील मूळ नोंदीच निर्णायक ठरतात. १९६६ पासून स्वतंत्र मालिका झाल्यावर ओळख क्रमांकातून ते स्पष्ट होऊ लागले. दिसायला सारख्या असणाऱ्या दोन मोटारींच्या किंमतीत मोठे अंतर पडते, ते अशा कागदामुळे.

दुसरे उदाहरण १९६८ च्या 'बुलिट' या चित्रपटातील मस्टँगचे. एका अमेरिकन कुटुंबाने ती १९७४ मध्ये ६,००० डॉलरला विकत घेतली. १९७७ मध्ये अभिनेता स्टीव्ह मॅक्वीन यांनी ती परत मिळावी म्हणून पत्र लिहिले. कुटुंबाने नकार दिला, पण पत्र जपून ठेवले. पुढे अनेक वर्षे मोटार बंद अवस्थेत होती. जानेवारी २०२० मध्ये लिलावात तिला अडत धरून सुमारे ३७.४ लक्ष डॉलर किंमत आली. विशेष म्हणजे तिचा रंग विटलेला होता, पत्र्यावर ओरखडे होते आणि चित्रीकरणासाठी खाली जोडलेले लोखंडी आधारही तसेच होते. ही मोटार नव्याने रंगवून ते आधार कापून काढले असते, तर ती अधिक चकचकीत दिसली असती. तिचे वेगळेपण मात्र उरले नसते.

५. जतन आणि नूतनीकरण

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ मध्ये संमत केलेल्या टुरिन सनदेतही, शक्य तेथे मूळ भाग टिकवावेत आणि हस्तक्षेप कमीत कमी असावा, असाच दृष्टिकोन आहे. येथे तीन अवस्था वेगळ्या करणे आवश्यक आहे. पहिली, मूळ स्थितीत जतन केलेली मोटार. दुसरी, मूळ नमुन्याबरहुकूम नूतनीकरण केलेली. आणि तिसरी, मालकाच्या आवडीप्रमाणे बदललेली. पहिलीचे रूपांतर दुसरीत केव्हाही करता येते. दुसरीला पुन्हा पहिल्या अवस्थेत नेता येत नाही. विक्रीपूर्वी रंग देण्याचा निर्णय म्हणूनच विचारपूर्वक घ्यावा. बदललेला प्रत्येक मूळ भाग, तो निकामी असला तरी, जपून ठेवावा व मोटारीबरोबर द्यावा.

विदर्भाच्या हवामानात जतनाचे प्रश्न वेगळे आहेत. उन्हाळ्यातील ४५ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानाने दारे-खिडक्यांचे रबर, आसनांचे आच्छादन व दर्शनी फळी तडकते. पावसाळ्यात बुडाचा पत्रा गंजतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषते आणि जुन्या रबरी नळ्या व कार्ब्युरेटर यांना अपायकारक ठरते. त्यामुळे मोटार दीर्घकाळ उभी राहणार असल्यास टाकी रिकामी करणे श्रेयस्कर. अमेरिकन मोटारीचे सुकाणूचक्र डावीकडे असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२० नुसार डाव्या सुकाणूच्या वाहनास विहित संकेतयंत्रणा चालू स्थितीत असणे आवश्यक आहे. चक्र उजवीकडे हलविल्यास चालविणे सोपे होते, परंतु मूळ स्वरूप कायमचे भंग पावते.

६. भारतातील नोंदणी व हस्तांतरण

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन व्हिंटेज वाहनांसाठी प्रथमच स्वतंत्र तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेले, व्यापारी उपयोगात नसलेले आणि सांगाडा, बाह्यकाया वा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेले दुचाकी वा चारचाकी वाहन या व्याख्येत बसते. म्हणजे बाजार ज्या अस्सलपणाला किंमत देतो, त्यालाच कायद्यानेही निकष मानले आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये असून नोंदणी दहा वर्षे वैध असते. क्रमांकात राज्याच्या संकेतानंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. असे वाहन प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. दैनंदिन वापर वर्ज्य आहे. विक्री करता येते. मात्र विक्रेता व ग्राहक या दोघांनी ९० दिवसांत आपापल्या राज्याच्या परिवहन प्राधिकरणास कळविणे बंधनकारक आहे.

सामान्य नोंदणी असलेल्या मोटारीस नेहमीची हस्तांतरण प्रक्रिया लागू होते : नमुना २९ व ३०, परराज्यात जाणार असल्यास नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र. मूळ मालक दिवंगत असल्यास प्रथम वारसाच्या नावे नोंद होणे आवश्यक आहे. नेमक्या याच टप्प्यावर अनेक व्यवहार अडतात, कारण मोटार पडवीत असते, पण नोंदणी पुस्तक कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

७. कराचा प्रश्न

आयकर कायदा, १९६१ च्या कलम २(१४) नुसार वैयक्तिक वापराच्या जंगम वस्तू भांडवली मालमत्तेत मोडत नाहीत; त्यामुळे त्यांच्या विक्रीवरील नफा करपात्र नसतो. १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख असलेल्या आयकर कायदा, २०२५ मध्येही हा अपवाद कायम आहे. मग व्हिंटेज मोटार वैयक्तिक वापराची वस्तू ठरते काय?

मुंबई उच्च न्यायालयासमोरील प्रकरणात एका करदात्याने १९३१ ची फोर्ड टूरर ही अमेरिकन बनावटीची मोटार १९८३ मध्ये २०,००० रुपयांस घेतली होती व पुढे ती २१ लाख रुपयांस विकली. ही विक्री १९९२-९३ या करनिर्धारण वर्षातील. मोटार ही स्वभावतःच वैयक्तिक वस्तू आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने २०२५ मध्ये तो अमान्य केला. वस्तू वैयक्तिक वापरास योग्य असणे पुरेसे नाही. तिचा तसा प्रत्यक्ष वापर झाल्याचा पुरावा हवा, असा त्या निर्णयाचा आशय आहे. कार्यालयात जाण्यासाठी करदाता कंपनीची मोटार वापरीत असे, ही बाबही विचारात घेतली गेली.

यातून एक विसंगती समोर येते. मोटार जितकी कमी वापरावी तितके तिचे बाजारमूल्य टिकते, आणि व्हिंटेज नोंदणीची अटही दैनंदिन वापर करू नये अशीच आहे. कराच्या सवलतीसाठी मात्र वापर सिद्ध करावा लागतो. प्रस्तुत लेखकाच्या मते यावरील व्यवहार्य उपाय म्हणजे नोंदवही होय. कुटुंबाने मोटार केव्हा बाहेर काढली, कोणत्या रॅलीत नेली, देखभालीवर किती खर्च केला, याच्या तारीखवार नोंदी व पावत्या ठेवाव्यात. त्यामुळे सवलत निश्चित मिळेलच असे नाही. परंतु नोंदी नसल्यास दावा मांडणेही कठीण होते. विक्रीपूर्वी सनदी लेखापालाचा सल्ला घेणे इष्ट.

८. निष्कर्ष

जतन केलेल्या मोटारीच्या विक्रीत ग्राहक लोखंडाबरोबरच खात्री विकत घेतो. ही खात्री तीन ठिकाणी तपासली जाते. बाजार मूळ भाग व कारखान्याच्या नोंदी पाहतो, परिवहन विभाग अपरिवर्तित स्वरूप व पहिल्या नोंदणीची तारीख पाहतो आणि आयकर विभाग वापराचा पुरावा मागतो. म्हणून विक्रीची तयारी रंगाऱ्याकडे नव्हे, तर घरातील जुन्या कागदांच्या पेटीपासून सुरू व्हावी. सांगाडा व इंजिनाचे क्रमांक नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावेत, जुनी छायाचित्रे व पावत्या कालानुक्रमे लावाव्यात आणि दोष न लपविता लिहून द्यावेत. दोष प्रामाणिकपणे सांगणारा विक्रेता अकरलॉफ यांनी दाखविलेली माहितीची दरी स्वतःहून कमी करतो. आणि चांगल्या मोटारीला चांगली किंमत मिळण्याचा मार्ग तोच आहे.

पवनारच्या शिल्पांनी आपल्या सापडण्याच्या जागेसह इतिहासात स्थान मिळविले. आपल्या जिल्ह्यातील एखाद्या वाड्यात उभी असलेली जुनी शेव्हर्ले वा डॉज भंगाराच्या काट्यावर जाण्यापूर्वी तिच्या कागदपत्रांची एवढी चौकशी झाली, तरी प्रस्तुत विवेचनाचा हेतू सफल होईल.